चरे काढायला दिलेली गाडी आणि अडवून ठेवलेली चावी

इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या एका भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. काळी गाडी, वडिलांच्या नावावर. पार्किंगमध्ये कुणीतरी डावीकडच्या दोन्ही दारांवर चरे ओढले. विजय नगरकडच्या एका डिटेलिंगवाल्याशी (गाडी पॉलिश करून चरे काढून देणारा) ६,५०० मध्ये ठरलं, ३,००० आधी दिले. चार दिवसांनी बघायला गेले तर चरे अर्धे तसेच आणि दाराच्या उठावदार रेघेवर रंग जाऊन खालचा प्रायमर दिसतोय. आता तो म्हणतो दार रंगवायचं तर ९,००० वेगळे, नसेल रंगवायचं तर उरलेले ३,५०० टाका, तोवर चावी मिळणार नाही. ह्यांना विचारायचंय ४२० लागेल का.

नाही लागणार भाऊ. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, तिच्यात फसवणुकीचं कलम ३१८ झालंय, आणि तिथे सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. पॉलिशची मशीन जास्त फिरवली हा हलगर्जीपणा, ठाण्यात नीट ऐकून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील. ज्याने मुद्दाम चरे ओढले त्याच्यावर मात्र त्याच संहितेच्या कलम ३२४ खाली (मुद्दाम नुकसान करणं) तक्रार करता येते, सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आजच मागून घ्या, ते आपोआप पुसलं जातं.

तुमची खरी केस ग्राहक आयोगात आहे, पण तक्रार "चरे गेले नाहीत" अशी लिहू नका, तिथे तुम्ही हराल. कारण तुम्हीच व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला लिहिलंय, "काहीही करा पण एक पण चरा दिसायला नको". आता बघा, कंपनीचा रंग सगळा मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, ४०-५० च्या आसपास. कंपाऊंड (घासायची पेस्ट) लावून बफिंग, म्हणजे मशीनने घासणं, हे चरा भरणं नव्हेच, आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या पातळीला आणायचा. नख अडकतं इतका खोल चरा असला तर तो सहसा बफिंगने जात नाही, आणि कडेवर मशीन जरा जास्त थांबली की रंग जळतो. हे त्याला माहीत असायला हवं, तुम्हाला नाही. म्हणून तक्रार अशी: खोल चऱ्यांबद्दल सांगितलं नाही, घासत राहिला, चांगला रंग घालवला. ही सेवेतली त्रुटी.

त्याच्या दुकानातल्या "पेंट की कोई गारंटी नहीं" ह्या बोर्डाला घाबरू नका. गाडी त्याच्या ताब्यात दिली की करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची जबाबदारी त्याची. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून (हॉटेलचा माणूस चावी घेऊन गाडी लावतो ते) चोरीला गेलेल्या गाडीच्या केसमध्ये म्हटलंय की आधी तुम्ही काळजी घेतली होती हे दाखवा, मग "मालकाच्या जबाबदारीवर" म्हणा.

चावीचं जरा अवघड आहे. केलेल्या कामाच्या मजुरीसाठी वस्तू अडवून ठेवायचा हक्क कलम १७० देतं, पण ठरल्याप्रमाणे काम केलं असेल तरच, आणि न केलेल्या रंगकामाच्या ९,००० साठी तर नाहीच नाही. तुम्ही बरोबर आहात, तरी ३,५०० साठी महिनाभर रिक्षाने फिरायचं का? देऊन टाका, यूपीआयने द्या, आणि लगेच मेसेज करा की काम मान्य नाही, गाडी सोडवण्यासाठी नाइलाजाने देतोय.

गाडी आल्यावर लगेच रंगवू नका (ही चूक इतके लोक करतात की काय सांगू). कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेजने (जाडी मोजायचं यंत्र) दारावरच्या रंगाची जाडी मोजून घ्या, शेजारच्या न घासलेल्या पॅनलची पण, आणि दुरुस्तीचं एस्टिमेट सही-शिक्क्यासह. आधीचे-नंतरचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो विकू नका.

मग स्पीड पोस्टने १५ दिवसांची नोटीस, सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार. नाही ऐकलं तर इंदूरच्या जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असली की फी शून्य. आरसी वडिलांची आहे म्हणून अडत नाही, पैसे देऊन सेवा तुम्ही घेतली, ग्राहक तुम्हीच. मागा काय तर दिलेले पैसे, दार रंगवायचा खर्च आणि त्रासाबद्दल थोडंफार, दोन लाख मानसिक छळाचे लिहिलेत तर हसं होईल.

आणि गाडी घ्यायला दिवसा जा, उन्हात बघा. डिलिव्हरीच्या कागदावर "काम समाधानकारक" असं छापलेलं असेल तर सही करायच्या आधी ते खोडा आणि खोडलेल्याचा फोटो काढा.