प्रिंट्स राहू द्या, आधी कर्जाचा विमा बघा

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय ४१, पुण्यात नोकरी, हातात महिन्याला १ लाख ३५ हजार. मुलगी तिसरीत आहे, तिच्यासाठी पत्नीने नोकरी सोडली. नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी गायतोंडेंच्या चित्रांच्या तीन फ्रेम केलेल्या, मर्यादित आवृत्तीच्या प्रिंट्स बघितल्या आहेत. प्रत्येकी ७० हजार. पाच वर्षांत दुप्पट होतील असं विक्रेता म्हणतो. बोनस येतोय, तर गुंतवणूक म्हणून घेऊ का? गृहकर्ज आहे, पण बँकेने कर्जाबरोबरच विमा काढून दिलाय, त्यामुळे ती काळजी नाही."

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. त्याची कारणं लगेच सांगतो, कारण मला तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

वासुदेव गायतोंडे आवडणं मी समजू शकतो. नागपूरचा जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतलं शिक्षण, १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई कलाकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक, आणि पुढे झेन बौद्ध विचाराचा आयुष्यभराचा संग. रंगाचा थर द्यायचा, रोलर आणि सुरीने तो काढायचा, पुन्हा द्यायचा. त्यांच्या कॅनव्हासमधून उजेड आतून आल्यासारखा वाटतो तो या थरांमुळे. प्रिंटमध्ये थर नसतो, शाई असते. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांचं १९७० सालचं एक चित्र लिलावात ६७ कोटींना गेलं. विक्रेत्याने तुम्हाला त्याचंच कात्रण दाखवलं, असं तुम्ही लिहिता. तो भाव त्या एका कॅनव्हासचा आहे. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत, आणि २००१ साली ते गेले. आता नवं चित्र येणार नाही, म्हणून भाव चढतो. प्रिंट मात्र हवी तितकी काढता येते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली कोपऱ्यात पेन्सिलीने ११८/५०० लिहिलं आहे. म्हणजे अशाच आणखी ४९९. चित्रकाराने स्वतः छापून घेतलेली, सही केलेली मर्यादित आवृत्ती ही वेगळी वस्तू, तिला बाजार असतो. चित्रकार गेल्यावर काढलेल्या प्रिंटवर ती सही असूच शकत नाही. शिवाय आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे गायतोंडेंच्या चित्रांवर २०६१ अखेरपर्यंत. छापण्याची लेखी परवानगी कुणाची, हे विक्रेत्याला विचारा. आणि दुसरं विचारा: आज घेतलेली प्रिंट उद्या किती रुपयांना परत घ्याल, ते बिलावर लिहून द्याल का? पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळपास १५ टक्के. एवढी खात्री असलेला माणूस ती प्रिंट स्वतःकडेच ठेवील.

आता विमा. पॉलिसीची कागदपत्रं तुमच्याकडून मागवून घेतली, बरं झालं. दुसऱ्या पानावर, तक्त्याच्या मधोमध, लिहिलं आहे: मुदत ५ वर्षं. तुमचं कर्ज २० वर्षांचं आहे. मार्च २०२२मध्ये सुरू झालेलं हे कवच मार्च २०२७मध्ये संपतं, आणि तेव्हाही तुमच्या डोक्यावर ५० लाखांच्या वर कर्ज असेल. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. कर्ज मंजूर करताना "विमा कंपल्सरी आहे" एवढंच सांगितलं, आणि तेही खरं नव्हतं. आपल्याकडूनच विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही.

त्याची किंमतही बघा. एकरकमी हप्ता १ लाख ८० हजार, आणि तो कर्जातच मिळवून टाकला. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं फेडायचा म्हणजे महिन्याला साधारण १,५६० रुपये, एकूण पावणेचार लाख. पाच वर्षांच्या विम्यासाठी तुम्ही वीस वर्षं हप्ता भरणार आहात. त्यात कवचही दरवर्षी कर्जाबरोबर घटत जातं, म्हणजे काही झालं तर बँकेचे पैसे फिटतील, घरात एक रुपया येणार नाही. अशा विक्रीचा मला मनापासून राग येतो, कारण घर घेण्याच्या गडबडीत सह्या करणारा माणूस दुसरं पान वाचत नाही हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

घरात कमावणारे तुम्ही एकटे. ऑफिसचा २० लाखांचा ग्रुप विमा आहे, पण तो नोकरीबरोबर जातो. कर्जाचे आजचे ५४ लाख, घरखर्चासाठी एक कोटी, मुलीच्या शिक्षणाचे २५-३० लाख. जवळपास दोन कोटी झाले. वयाच्या ६० वर्षांपर्यंतचा दोन कोटींचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. पैसे परत देणारा नको, गुंतवणूक जोडलेला तर अजिबात नको. हप्ता वर्षाला ४० ते ५० हजारांच्या घरात बसेल. सप्टेंबर २०२५पासून व्यक्तिगत आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढी बचत आहेच. तीन प्रिंट्सच्या २ लाख १० हजारांत चार वर्षांहून जास्त हप्ते निघतात.

रक्तदाबाची गोळी सुरू झाल्याचं तुम्ही ओघात लिहिलं आहे. म्हणूनच थांबू नका. ते अर्जात स्पष्ट लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तर एजंट बदला. पहिल्या तीन वर्षांत लपवलेल्या आजारावर बोट ठेवून कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसाल, पत्नी असेल. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत बँकेच्या विम्याला हात लावू नका.

हॉलच्या भिंतीसाठी, पॉलिसी आल्यावर, रीतसर परवानगीने काढलेली एकच चांगली प्रिंट घ्या. फ्रेमसकट दहा-पंधरा हजारांत बसेल अशी बघा आणि तो खर्च समजा. त्याआधी एखाद्या रविवारी मुलीला घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत, मात्र त्या दिवशी भिंतीवर लावलेत का, हे आधी फोन करून विचारा.

आणि टर्मचा अर्ज भरताना १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायची आहे असं सांगा, लाभार्थी म्हणून पत्नी आणि मुलीचं नाव द्या. मग त्या पैशांवर बँकेला किंवा दुसऱ्या कुठल्या देणेकऱ्याला हक्क सांगता येत नाही, कर्ज फेडायचं की नाही हे पत्नी ठरवेल. हा वेगळा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर जोडता येत नाही.