मुलगी नववीत आहे, ओबीसी प्रवर्ग, नागपुरातच इंजिनिअरिंग करायचंय. तयारी कधीपासून करावी?

दहावीपर्यंत गणित-विज्ञान पक्कं होऊ द्या. प्रवेशाची खरी तयारी अकरावीच्या पहिल्याच महिन्यात सुरू करा, आणि तीही कागदपत्रांपासून. दोन भाचरांचे फॉर्म मी भरलेत. अभ्यास झालेला असतो, पालक अडकतात ते जात वैधता प्रमाणपत्रापाशी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. त्यावर आडनाव 'वानखडे' आणि तुमच्या दाखल्यावर 'वानखेडे' असेल, तर ते निस्तरण्यातच महिने जातात. म्हणून तो दाखला आत्ताच काढून बघा, खरंच. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, मात्र बारावीच्या वर्षी काढा.

अभ्यासाचं म्हणाल तर:
- एमएचटी-सीईटीत (राज्याची प्रवेश परीक्षा) सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण.
- व्हीएनआयटीला (नागपुरातलं केंद्र सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज) सीईटी चालत नाही, देशपातळीवरची जेईई मेन द्यावी लागते. तिथल्या निम्म्या जागा राज्याच्या कोट्यातल्या. बारावी महाराष्ट्रातून केली तरच त्या मिळतात.

जेईईसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी तपासा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे नसते.