मालगाडीचं वेळापत्रक शेवटाकडून वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. १९७६ मध्ये संपलेल्या अमेरिकेतल्या इरी लॅकावाना रेल्वेच्या शिकागो ते न्यू जर्सी मालगाड्यांच्या वेळा तू स्टेशनवार फार नेटक्या मांडल्या आहेस. तरीही तू लिहितोस, ‘काका, सगळे आकडे आहेत, पण गाडी डोळ्यांपुढे येत नाही.’ ती येत नाही, कारण तू तक्ता प्रवाशासारखा वाचतो आहेस. गाडी किती वाजता सुटते, हे प्रवाशाला आधी हवं असतं. मालगाडीच्या बाबतीत तो प्रश्न सगळ्यात शेवटी ठेव. माल ज्याचा आहे त्याला तो किती वाजता हातात हवा, इथून सुरुवात कर आणि उलटा मागे ये.

एनवाय-१०० ही पूर्वेकडे येणारी गाडी घे. (सम आकडा पूर्वेकडे, विषम पश्चिमेकडे, तिची उलट दिशेची जोडीदार सीएक्स-९९.) शेवटच्या वर्षांत या रेल्वेचं मोठं आणि कडक गिऱ्हाईक होतं युनायटेड पार्सल सर्व्हिस. पार्सलांनी भरलेले ट्रेलर सपाट वाघिणींवर चढवून जर्सी सिटीच्या क्रॉक्सटन यार्डात उतरवायचे. ट्रेलर यार्डाबाहेर पडून, पार्सलं पत्त्यांप्रमाणे वेगळी करणाऱ्या छाटणी केंद्राच्या दाराशी लागायचा, तो छाटणी सुरू होण्याआधी. एकदा ती पाळी हुकली की ट्रेलर दहा मिनिटं उशिरा आला काय आणि चार तास उशिरा आला काय, पार्सल एक दिवस मागे पडतंच. आता त्या दारापासून मागे मोज. यार्डातून बाहेर काढायचा वेळ, उतरवायचा वेळ, वाटेतला वेळ, शिकागोत ब्रेक तपासायचा वेळ, चढवायचा वेळ, आणि शेवटी तो क्षण, ज्यानंतर आलेला ट्रेलर त्या दिवशी घेतला जात नाही. शिकागोहून सुटायची वेळ या सगळ्यातून आपोआप निघते.

तुझ्या तक्त्यात एक खरी चूक आहे, ती आधी दुरुस्त कर. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या दोन तासांनी जलद दिसतात आणि त्याचं कारण तू चढ-उतारात शोधलं आहेस. शिकागोचं घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास मागे असतं. पूर्वेकडे येताना कागदावर एक तास वाढतो, परत जाताना एक तास कमी होतो. तुझे दोन तास तिथेच गेले. कोणताही हिशेब करण्याआधी सगळ्या वेळा एका घड्याळावर आणायच्या, ही सवय आत्ताच लावून घे.

मग थांबे बघ. मी पहिल्यांदा हे वेळापत्रक अभ्यासलं तेव्हा ओहायोतल्या मॅरियनचे आणि न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेलचे थांबे मला निव्वळ वाया गेलेला वेळ वाटले होते. तसं एका टिपणात लिहूनही टाकलं. ते टिपण आज वाचवत नाही. मॅरियनला डेटनकडून येणारा फाटा मुख्य मार्गाला मिळतो. साध्या मालगाडीतून तिथे एक गट तोडायचा, दुसरा जोडायचा, आणि तो दुसरा गट फाट्यावरून आलेला असायला हवा. गट म्हणजे एकाच ठिकाणी जायच्या वाघिणींची सलग रांग. थांब्याच्या मिनिटांत हे शंटिंग दडलेलं असतं. घाईची गाडी कोणासाठी थांबत नाही आणि साधी गाडी फाट्यावरून येणाऱ्या जोडगाडीची वाट बघते. तक्त्यात दोघींचे आकडे सारखेच निर्जीव दिसतात, म्हणून प्रत्येक थांब्यासमोर तो कशासाठी आहे हे लिही. ज्या थांब्याचं कारण सापडत नाही तिथे जागा कोरी सोड, अंदाज लिहू नकोस.

जो थांबा नाही, तोही वाच. १९६९ च्या सुमारास या रेल्वेने एसडीपी-४५ जातीची इंजिनं घेतली. मूळ बनावट प्रवासी गाड्यांसाठीची, आणि इथे तर लांब पल्ल्याची शेवटची प्रवासी गाडी, लेक सिटीज, १९७० च्या जानेवारीत बंद झाली. मग ही इंजिनं कशाला? त्यांची चौकट लांब होती आणि तिच्याखाली ५,००० गॅलनची तेलाची टाकी मावत होती. वाटेत डिझेल भरायला उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी ही निवड. मला हा तपशील फार आवडतो.

माणसांचा हिशेब मात्र सगळ्यात नाजूक. मार्ग सुमारे १,००० मैलांचा. त्या काळच्या करारात मालगाडीच्या क्रूला १०० मैल म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्यामुळे एका गाडीवर वाटेत अनेक क्रू बदलायचे. शिवाय कायद्याची मर्यादा: १९०७ पासून सलग १६ तास, १९७० च्या अखेरीपासून १४, आणि १९७२ च्या अखेरीपासून १२. घड्याळ भरलं की गाडी असेल तिथे उभी. मग नवी माणसं मोटारीने रवाना करायची, ती पोचेपर्यंत मागच्या गाड्याही अडकायच्या. थोड्याशा उशिराचे कित्येक तास असे होतात. तू सरासरी उशीर काढला आहेस. त्याऐवजी उशीर कुठल्या स्टेशनांच्या मधे एकदम फुगतो ते शोध.

आणखी एक गोष्ट, जी छापील कागदावरून कधीच कळणार नाही. ग्राहकांना दाखवलेलं मालगाडीचं वेळापत्रक आणि रुळावर धावायचा अधिकार या अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. नावाजलेल्या कितीतरी मालगाड्या नियमपुस्तकाच्या दृष्टीने ‘एक्स्ट्रा’, म्हणजे वेळापत्रकाबाहेरच्या, असत. त्यांना वाट द्यायची की सायडिंगला घालायचं, हे डिस्पॅचर ठरवायचा, आपल्याकडचा सेक्शन कंट्रोलर ठरवतो तसंच. तारेने हुकूम देऊन गाड्या चालवायची ही पद्धत अमेरिकेत सुरू झाली ती याच मार्गावर. १८५१ चा सप्टेंबर. इरीचे (इरी लॅकावानाच्या पूर्वज कंपनीचे) अधीक्षक चार्ल्स मिनो ज्या गाडीत होते ती टर्नर्सला, म्हणजे आजच्या हॅरिमनला, समोरून येणाऱ्या गाडीसाठी खोळंबली होती. मिनोंनी चौदा मैलांवरच्या गोशेनला तार केली: ती गाडी आली का? नाही? मग आली की धरून ठेवा. ड्रायव्हर आयझॅक लुईस यांना हे पटेना. वेळापत्रक मोडून तारेच्या भरवशावर गाडी पुढे न्यायला त्यांनी साफ नकार दिला आणि ते शेवटच्या डब्यात जाऊन बसले. समोरासमोर टक्कर झालीच, तर मागे जीव वाचेल. मिनोंनी स्वतः इंजिन चालवत गोशेन गाठलं, तिथून पुन्हा तारेने विचारत विचारत थेट पोर्ट जर्विस. मला लुईसही बरोबर वाटतात. त्या दिवसापर्यंत समोरची गाडी कुठे असेल हे सांगणारं त्यांच्याजवळ एकच साधन होतं, ते वेळापत्रक.

शेवटचं: एकच वर्ष घेऊन बसू नकोस, १९७२ च्या आधीचं आणि १९७४ च्या नंतरचं अशी दोन वेळापत्रकं शेजारी ठेव. १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागातला मुख्य मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि त्याच महिन्यात, २६ तारखेला, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ८ मे १९७४ रोजी हडसन नदीवरचा पकीप्सीचा रेल्वेपूल जळाला. मेब्रुक यार्डामार्गे न्यू इंग्लंडला जाणारा माल एका दिवसात बंद पडला. कागदावर तुला फक्त काही ओळी गळलेल्या दिसतील. त्या ओळींवर बोट ठेवून विचार, हा माल आता कुठून गेला असेल? १ एप्रिल १९७६ ला सगळं कॉनरेल या सरकारने उभारलेल्या रेल्वे कंपनीकडे गेलं आणि पुढे इंडियानातला बहुतेक मार्ग उखडला गेला.

मे महिन्यात तू इकडे येणार आहेस, तेव्हा होबोकनहून पोर्ट जर्विसची लोकल धरू. हॅरिमननंतर ही प्रवासी गाडी इरीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खास मालगाड्यांसाठी बांधलेल्या ग्रॅहॅम लाइनवरून जाते. चढ सौम्य राहावा म्हणून त्यांनी मूडना खोऱ्यावर ३,२०० फूट लांबीचा पूल उभारला. खिडकीतून खाली बघितलंस की चढाची किंमत काय असते ते दिसेल. जुना मार्ग, मिनोंनी इंजिन हाकलं तो, मन्रो-गोशेनकडे आज पायवाट झाला आहे. परतताना वाट वाकडी करून तिथेही जाऊन चालू. तक्ता सोबत घे, आणि बूट पायात मुरलेले असू देत.

तुझा,
काका