बायबलमधील हिब्रू नावांना अर्थ असतो, तर अनुवादात त्यांचे भाषांतर का करत नाहीत?

नाव मुख्यतः व्यक्तीकडे निर्देश करते, म्हणून अनुवादक सहसा त्याचा उच्चार ठेवतात. पण हिब्रू कथनात नावावर अनेकदा श्लेष बेतलेला असतो आणि तो अनुवादात हरवतो, ही खरी हानी आहे. 'यित्सहाक', म्हणजे मराठीतील 'इसहाक', हे 'तो हसतो' अशा अर्थाचे क्रियारूप आहे. बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात मुलगा होणार हे ऐकून इसहाकचा पिता अब्राहाम हसतो, 18व्यात आई सारा हसते आणि 21व्यात ती म्हणते की देवाने मला हसवले. हे सारे हसू त्या एका नावात साठले आहे, ते मराठी वाचकाला तळटीपेशिवाय कळणार नाही. होशेय या संदेष्ट्याच्या मुलाचे 'लो-अम्मी', म्हणजे 'माझी प्रजा नव्हे', हे नाव मात्र स्वतःच संदेश आहे. म्हणूनच सेप्टुअजिंट या हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक अनुवादाने त्याचे भाषांतरच केले, आणि मला ते योग्य वाटते.

ग्रंथातील व्युत्पत्ती नेहमी भाषाशास्त्रीय नसते, हेही ध्यानात ठेवावे. बायबलमधील 'निर्गम' या पुस्तकात (2:10) मोशेचे नाव 'पाण्यातून काढणे' याच्याशी जोडले आहे, परंतु अनेक अभ्यासक ते 'जन्मलेला' अशा अर्थाच्या मिसरी शब्दावरून आलेले मानतात. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने तर इसहाकचे 'इसाजी' केले: अर्थ मागे राहिला, नाव मराठी झाले.