जुन्या ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर डावीकडे खोल आणि उजवीकडे उथळ चालतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वसमतकडे हळदीचं रान तयार करताना तुमच्या ३५ एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरमागचा पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) डाव्या अंगाला खोल जातो, उजवीकडे ढेकळं तशीच राहतात, आणि नवी पाती बसवूनही फरक पडला नाही. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, की याच ट्रॅक्टरने उन्हाळ्यात दोन फाळी साधा नांगर चालवला होता. भाऊ, मला तर खोट तिथेच दिसते. पात्यांवर आणखी पैसे घालू नका.

साधा नांगर चालतो तेव्हा ट्रॅक्टरचं उजवं चाक आधीच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरात, उतरलेलं असतं. सगळा ट्रॅक्टर उजवीकडे कलतो. नांगर तरी सपाट राहावा म्हणून उजव्या लिफ्ट रॉडवरचं (लिंक उचलून धरणाऱ्या उभ्या दांड्यावरचं) हँडल फिरवून त्या बाजूची खालची लिंक, म्हणजे अवजार जोडायचा आडवा दांडा, वर घेतात. नांगरट संपली की नांगर सुटतो, पण हँडल आहे तिथंच राहतं. आता दोन्ही चाकं सपाटीवर आणि उजवी लिंक मात्र वर. मग रोटाव्हेटर डावीकडे झुकणारच. पलटी नांगर असता तर ही भानगड झाली नसती, कारण तो आलटून पालटून दोन्ही बाजूंना चालतो आणि दोन्ही रॉड सारखेच ठेवावे लागतात.

आधी मागच्या दोन्ही टायरची हवा गेजने मोजा. शेतात साधारण १२ ते १४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालते, पण आकड्यापेक्षा दोन्हीकडे सारखी असणं महत्त्वाचं. एक टायर नवा आणि एक घासलेला असेल तरी तेवढाच तिरपेपणा येतो. मग ट्रॅक्टर सिमेंटच्या सपाट फरशीवर लावा; गावातल्या गोदामासमोरची जागा उत्तम. रोटाव्हेटर फरशीपासून चार बोटं वर ठेवून इंजिन बंद करा, ब्रेक लावा. बाजूला उभं राहून प्रत्येक खालच्या लिंकच्या पिनेच्या मध्यापासून फरशीपर्यंत टेपने मोजा. उजवीकडचं माप जास्त आलं तर हँडल फिरवून उजवा रॉड लांब करा, दोन्ही मापं एक होईपर्यंत.

माझ्याकडे जिंतूरला असाच जुना ट्रॅक्टर आहे. सकाळी माप बरोबर यायचं, दुपारपर्यंत पुन्हा रोटाव्हेटर तिरका. दोन दिवस डोकं चालेना. शेवटी हँडलवर आणि त्याच्या घरावर मिळून पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारली. एक एकर झाल्यावर पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे झालेले, हँडल अर्धा फेरा सरकलेलं. हँडल धरून ठेवणारा आकडा कधीच गळून पडला होता आणि धक्क्यांनी ते आपोआप फिरत होतं. जाड तारेने बांधलं, त्या दिवसापासून फिरलं नाही. तुम्हीही रेघ मारा, दोन मिनिटांचं काम आहे.

हँडल शेवटापर्यंत फिरवूनही माप जुळत नसेल तर लिफ्ट रॉडच्या दोन्ही टोकांच्या पिना काढून बघा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये पिनेची मान झिजून बारीक होते आणि भोक गोल न राहता लांबट होतं. रोटाव्हेटर त्याच रॉडला लटकतो, म्हणून एका बाजूला जेवढी झीज तेवढी ती बाजू खाली बसते. भोक भरून, बोअर करून बुश (भोकात बसणारी धातूची नळी) बसवून घ्या. नुसती नवी पिन घातली तर महिन्यात पुन्हा तेच. रोटाव्हेटरच्या दोन्ही स्किड (खोली ठरवणाऱ्या बाजूच्या पट्ट्या) एकाच उंचीच्या भोकात आहेत का तेही बघा, आणि चेक चेन (लिंक बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) दोन्हीकडे सारख्या ताणा. टॉप लिंकने (मधल्या वरच्या दांड्याने) फक्त मागचं-पुढचं जुळतं, डावं-उजवं नाही. त्यामुळे तिला सध्या हात लावू नका.

एक मात्र मनापासून सांगतो. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या रोटाव्हेटरखाली हात घालू नका. पाती बघायची तर खाली लाकडाचे ओंडके लावा. आणि पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) चालू असताना शाफ्टजवळ खांद्यावर टॉवेल घेऊन जाऊ नका. ५४० आरपीएम (मिनिटाला ५४० फेरे) म्हणजे सेकंदाला ९ फेरे, टॉवेल सोडायलाही वेळ मिळत नाही.

सगळं बसलं की शेतात पंधरा-वीस पावलं चालवून थांबा, इंजिन बंद करा. दोन्ही कडांना हाताने भुसभुशीत माती बाजूला करून खालचा कठीण थर लागेपर्यंत काडी खोचा आणि नखाने खूण करा. दोन्ही खुणा जुळल्या की काम झालं. ही तपासणी वाफशावरच (माती ना फार ओली ना फार कोरडी असताना) करा. ओल्या काळ्या रानात काडी कठीण थरातही घुसते आणि माप चुकतं. तुमची दोन्ही मापं इथे लिहिलीत तर पुढचं सांगतो.