उन्हाळ्यात भरलेली काडतुसं हिवाळ्यातल्या शिकारीत नेमाच्या खाली लागतात का? टेम्परेचर-स्टेबल (तापमानाने फारशी न बदलणारी) पावडर घ्यावी का?

खाली लागतात. पण तुम्ही चुकीच्या ऋतूची काळजी करताय.

थंडीत फार तर नेम चुकेल. उन्हात रायफलीचा बोल्ट (चेंबर बंद करणारा मागचा सरकता दांडा) अडकतो. हे मी वाचून सांगत नाही, माझ्या टेबलाच्या खणात एक पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) ठेवलेली आहे त्यावरून सांगतोय.

मला हँडलोडिंग, म्हणजे घरी हाताने काडतुसं भरणं, आमच्या दाजींनी शिकवलं. हात इतका सफाईदार की बघत राहावं. बॉल (गोल दाण्याची) पावडर त्यांची लाडकी, कारण ती मापातून पाण्यासारखी पडते. लांब दाण्याची पावडर मापात कचकन अडकते आणि दाणे तुटतात. टेम्परेचर-स्टेबल वगैरे शब्द काढला की त्यांचं ठरलेलं वाक्य: "पावडर काय मेण आहे का, उन्हात वितळायला?"

तर माझ्या .270 विंचेस्टर रायफलीसाठी मी लोड (पावडरचं माप) बसवला तो ऐन हिवाळ्यात, शून्याखाली पाच अंश असताना. लोडिंगच्या पुस्तकातल्या कमाल मापापर्यंत आलो तरी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पुस्तकातला वेग दिसेना, बराच कमी. दाजी म्हणाले, "तुझी नळी ढिली आहे. पुंगळीवर खूण नाही, बोल्ट लोण्यासारखा उघडतोय, अर्धा ग्रेन पावडर वाढव." वाढवला. ग्रुपही झकास आला, गोळ्या जवळजवळ लागल्या. पन्नास काडतुसं त्याच मापाने भरून ठेवली.

खरं काय होतं? पुस्तकातले आकडे साधारण 21 अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. माझी पावडर गारठलेली होती, म्हणून वेग कमी. नळीचा काही दोष नव्हता. थंडीने खाल्लेला वेग मी जादा पावडर घालून परत आणला आणि त्याचं बिल उन्हाळ्यावर ढकललं.

उन्हाळ्यात झिरो (दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळतात का ते) तपासायला गेलो. बाहेर 38 अंश, आणि काडतुसांचा डबा तीन तास गाडीच्या डॅशबोर्डवर. बंद काचेमागे तिथलं तापमान बाहेरच्यापेक्षा किती चढतं ते हात लावला की कळतं. पहिल्या गोळीचा वेग हिवाळ्यापेक्षा 140 फूट प्रति सेकंद जास्त. मी मूर्ख, खूश झालो. दुसरी, तिसरी. चौथी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) सरकवली आणि शेजारच्या माणसाशी गप्पा मारत बसलो. तापलेल्या चेंबरमध्ये ते काडतूस चांगलं दोनतीन मिनिटं शेकलं. मग ट्रिगर दाबला.

बोल्ट उघडेना. तळहाताने ठोकला, नाही. शेवटी लाकडी हातोडीने हँडल वर गेलं. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत गोल ठसा, अक्षरं चेपलेली, आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) बुडातल्या त्याच्या खाचेतून, पॉकेटमधून, निसटून मॅगझिनमध्ये पडलेला. या काडतुसाच्या दाबाची मान्य कमाल मर्यादाच 65,000 पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) आहे. तिच्याही वर मी कुठवर गेलो होतो, ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं, आणि बरंच झालं.

यात गूढ काही नाही. पावडरचा दाणा पृष्ठभागावरून थराथराने जळतो. दाणा आधीच गरम असेल तर पुढचा थर पेटायला कमी उष्णता लागते, म्हणून तो भराभर जळतो. त्याने दाब चढतो, आणि चढलेला दाब जळणं आणखी वाढवतो. म्हणून क्रोनोग्राफवर वेग दोनतीन टक्के वाढलेला दिसतो तेव्हा दाब त्याहून बऱ्याच जास्त टक्क्यांनी वाढलेला असतो. ब्रिटिशांना हे कॉर्डाइट या जुन्या पावडरच्या काळात माहीत होतं: आफ्रिका-हिंदुस्थानासाठी जड रायफलींची काडतुसं मुद्दाम कमी भरून 'ट्रॉपिकल लोड' म्हणून विकली जायची. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, ती जुनी पावडर. बरं.

तुमची पावडर तापमानाला संवेदनशील असेल तर वेग अंदाजे एक ते दीड फूट प्रति सेकंद बदलतो, दर अंश फॅरनहाइटमागे. एच-4350 किंवा वार्गेटसारख्या पावडरीत हा फरक त्याच्या कितीतरी कमी. त्या घ्याच. मापात अडकत असतील तर तराजूवर तोला, शिकारीला हजार काडतुसं लागत नाहीत. आणि काहीही घ्या, वरच्या टोकाचा लोड तपासायचा तो सर्वात गरम दिवशी. हिवाळ्यात वेग कमी दिसला तर कमी राहू द्या. सावलीत ठेवलेला डबा, आणि गोळी झाडायच्या वेळीच काडतूस चेंबरमध्ये, एवढं पाळलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

आता प्रामाणिकपणे: ती पुंगळी पाचव्यांदा भरलेली होती, त्यामुळे पॉकेट आधीच सैल असू शकतो. दाजींचा सगळा बचाव यावरच उभा आहे ("पितळ मऊ होतं रे"). अर्धा ग्रेन मर्यादेवर घातला तो माझ्याच हाताने, हेही खरं. आणि हल्लीच्या काही बॉल पावडरी बऱ्या आहेत. स्टेबल म्हणवणारीही प्रत्येक काडतुसात आणि नळीत सारखी वागत नाही. पण पितळ मऊ असल्याने क्रोनोग्राफवर 140 फूट वाढत नाहीत, दाजी, आणि तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे.

हां, तुमचा झिरो. वेग 100 फुटांनी पडला तर 300 यार्डांवर साधारण दीड इंच खाली, थंड दाट हवेचा आणखी जेमतेम इंच. 100 यार्डांवर पाव इंचही नाही. थंडी पडली की एकदा तीन गोळ्या झाडून बघा, पहिली गार नळीतून.