तक्रार घे, उपाय घेऊ नकोस

तुझं लांबलचक पत्र मिळालं, आणि तू काढलेल्या मावशींच्या पोर्ट्रेटवर फोटोग्राफीच्या वर्गातल्या क्रिटिकमध्ये, म्हणजे एकमेकांच्या फोटोंवरच्या चर्चेत, आलेल्या शेऱ्यांची यादीही. एकजण म्हणतो नाक मोठं आलंय, ८५ एमएमची लेन्स घे. दुसरी म्हणते बॅकग्राउंड ब्लर कर. तिसऱ्याला मावशी हसायला हव्या होत्या. तू तिघांचंही ऐकलंस, मावशींना पुन्हा बसवलंस, आणि आता मला विचारतोयस की नवा फोटो कुणाचाही वाटतो तो का. वाटणारच!

अरे, वर्गाकडून तक्रार घ्यायची, उपाय घ्यायचा नाही.

नाकाचंच बघ. तक्रार शंभर टक्के खरी. पण ३५ एमएम लावून तू मावशींपासून जेमतेम दोन फुटांवर होतास. इतक्या जवळून नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याला बरंच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं. तिथूनच जास्त जवळचं दाखवणारी ८५ लावलीस तर फ्रेममध्ये चेहऱ्याचा तुकडा येईल, नाक तेवढंच राहील. पाच-सहा फूट मागे जा, त्याच ३५ने काढ आणि क्रॉप कर. पिक्सल थोडे जातील, जाऊ देत. लेन्स सुचवणाऱ्याला तू कुठे उभा होतास हे कुठे माहीत होतं? खोलीत तू होतास.

मागच्या कपाटाकडे नजर जाते, हेही खरं. म्हणून तू अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, १.८ इतकं मोठं उघडलंस, त्याने फोकसमधला पट्टा अरुंद होतो; कपाट गेलं आणि सोबत मावशींचा पलीकडचा डोळाही गेला. त्यांना कपाटापासून चार पावलं पुढे बसवायचं सुचलं नाही, कारण उपाय आयता मिळाला होता. पुन्हा सांगते, तक्रार घे, उपाय घेऊ नकोस.

हसण्याबद्दल मी बोलतच नाही.

एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिच्या हाती १८६३मध्ये कॅमेरा आला तेव्हा ती ४८ वर्षांची होती. तिच्या पोर्ट्रेट्सचा फोकस धूसर असतो म्हणून त्या काळच्या फोटोग्राफीतल्या जाणकारांनी तिला झोडपलं. टीका चुकीची नव्हती, फोकस धूसर होताच. बाईंनी तो तसाच ठेवला.

माझी पोर्ट्रेट्स अंधारी असतात, असं मलाही ऐकवतात. असतात. फिल लाइट, म्हणजे सावलीच्या बाजूने जादा दिवा, लाव, सावली उजळ, हे ऐकून कान किटले. एक गाल अंधारात राहिला की समोरच्या माणसाने आपलं थोडंसं आपल्यापाशीच ठेवल्यासारखं दिसतं, आणि मला तेच हवं असतं. हेका म्हण हवं तर. हा हेका फार उशिरा सुचला, याची खंत आहे. तोवर सरांना पसंत पडतील असे चेहरे काढण्यात उमेदीचा काळ गेला. तुझा जाऊ नये म्हणून एवढी चिडचिड करतेय.

तर पुढच्या क्रिटिकला वहीत फक्त ‘काय खटकलं’ एवढंच लिही. ‘असं कर’ने सुरू होणारं वाक्य ऐक, मान डोलाव, लिहू नकोस. मध्येच ‘मला खरं तर असं दाखवायचं होतं’ हेही सुरू करू नकोस, त्याने समोरचे गप्प होतात आणि तक्रारही हातची जाते.

आणि यादीत मावशींचं मत कुठेच नाही. चेहरा त्यांचा आहे. प्रिंट दाखव, विचार. त्या ‘हा वर्गात लावू नकोस’ म्हणाल्या तर मात्र उपायही मुकाट्याने घे, तिथे माझा नियम चालत नाही.